घरून काम केल्यानं सोलापुरात कार्बन खरंच वाचतो का? (आकडेमोडीसह)

विजापूर रोड (धागाकर्ता)

घरून काम केलं की गाडी निघत नाही, गाडी निघाली नाही की धूर नाही, इथवर सगळ्यांना मान्य असतं. पुढचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. तो सोलापूरपुरता मांडतो. चुका काढा.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच भरतं, मग धूर सव्वादोन किलोच्या वर कसा, हा प्रश्न दरवेळी येतो म्हणून आधीच सांगतो: इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि १२ ग्रॅम कार्बनचा ४४ ग्रॅम वायू होतो. डिझेलला लिटरमागे २.६ ते २.७ किलो, सीएनजीला किलोमागे २.७५.

जुळे सोलापूर ते नवी पेठ जाऊन-येऊन १२ किमी धरू. स्कूटर ४५ चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर ०.२७ लिटर, म्हणजे दिवसाला ०.६१ किलो. तेच अंतर कारनं, गावातलं अ‍ॅव्हरेज १४ धरून, १.९७ किलो. चिंचोळी एमआयडीसीला जाऊन-येऊन ४० किमी धरले तर ५५ देणाऱ्या मोटरसायकलवर १.६७ आणि १७ देणाऱ्या कारवर ५.४ किलो.

आता वीज. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशोबानुसार देशाच्या ग्रिडमधली एक युनिट वीज म्हणजे ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. मे महिन्यात दुपारी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी सहा तास चालला तर सहा युनिट धरायला हरकत नाही. ४.३ किलो झाले.

स्कूटरवाल्यानं ०.६१ वाचवायला ४.३ खर्च केले. कारवाल्यानंसुद्धा १.९७ वाचवायला ४.३. चिंचोळीला कारनं जाणाराच काय तो फायद्यात.

वर्षाचा हिशोब: कामाचे दिवस २४०, त्यातले एसीचे ६५ (मार्चचा मध्य ते जूनची सुरुवात). स्कूटरवाला वर्षाला १४६ किलो वाचवतो आणि एसीत २८१ घालवतो. कारवाला ४७३ वाचवून २८१ घालवतो, म्हणजे १९२ नं पुढे. हे पाचही दिवस घरून काम धरून.

---

झिरो बल्ब

पद्धत बरोबर, एक आकडा चुकला आणि एक सुटला.

०.७२ हा वीजकेंद्राच्या दारातला आकडा आहे. आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसीत ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, पण तिथून निघालेलं युनिट जसंच्या तसं तुमच्या प्लगमध्ये येत नाही. मनोरे, उपकेंद्रं, रोहित्रं, वायर सगळीकडे थोडी थोडी गळती. ती १५ टक्के धरली तर घरच्या एका युनिटमागे ०.८५ किलो पडतो. त्यामुळे एसीचे सहा युनिट ५.१ किलो, आणि ६५ दिवसांचे ३३२.

सुटलं ते पंखा आणि लॅपटॉप. लॅपटॉप, मॉनिटर दोन्हीकडे चालतो, तो वजाच करा. राउटर एरवीही चालूच असतो. उरला पंखा. जुना पंखा ७५ वॉट, आठ तासांत ०.६ युनिट, ०.५१ किलो. म्हणजे एसी नसलेल्या खोलीत नुसता जुना पंखा फिरवला तरी स्कूटरची बहुतेक बचत गेली. बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, त्याचे ०.२.

पण हेही नेहमी धरायचं नाही. घरात आई-वडील, मुलं त्याच पंख्याखाली बसलेली असतील तर तुमच्यामुळे वाढलेली वीज शून्य. एकूण वापर मोजू नका, तुमच्यामुळे वाढलेला मोजा. या हिशोबातल्या निम्म्या चुका इथंच होतात.

---

तिरकस तराजू

गळती विजेला लावलीत तर पेट्रोललाही लावा की. विहिरीतून कच्चं तेल काढा, जहाजानं आणा, रिफायनरीत शिजवा, टँकरनं पंपावर पोचवा. यात लिटरमागे आणखी १५-२० टक्के जातात. दोन्ही पारडी सारखीच जड झाली, तराजू होता तिथंच.

---

कडक भाकरी

एसी हाय किती जणांकडं ओ? सोलापुरात उन्हाळा म्हणजे कूलर. त्याचा हिशोब कुणी लावायचा?

---

झिरो बल्ब

@कडक भाकरी, रास्त. घरगुती कूलर १५० ते २०० वॉट: पंख्याची मोटर आणि छोटा पंप. आठ तास म्हणजे दीड युनिट, १.३ किलो. स्कूटरच्या दुप्पट, पण एसीच्या पाव.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कूलर जीव तोडून काम करतो. पारा ४२-४३ ला असताना पॅडमधून येणारी हवा दहा-बारा अंशांनी सहज खाली येते. मात्र समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात ओल साठते, मग लोक म्हणतात कूलर चालत नाही. बाहेरची कोरडी हवा आत ओढून ओली हवा दुसरीकडून बाहेर काढायची, एवढंच त्याचं तंत्र. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर म्हणजे ओला पंखा.

पाणी तासाला पाच ते दहा लिटर. आठ तासांचे ४० ते ८०. नळाला काही दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हा खरा खर्च. बोअरचं घालावं तर क्षार, हनीकोंब पॅडवर पांढरी पापुद्री धरते आणि हवा अडते. टाकीतलं सगळं पाणी तीन-चार दिवसांनी काढून टाकायचं, नुसतं वरून भर घालत राहिलं तर क्षार साचत जातात. पापुद्री धरलीच तर पॅड सुटा करून पाण्यात व्हिनेगर घालून तासभर बुडवायचा. ब्रशनं घासू नका, कागद फाटतो.

---

कडक भाकरी

वाखू (वाचनखूण) साठवली. घरावर माळवद असलं तर कूलरबी लागत नाही, हे राहिलं.

---

झिरो बल्ब

ते खरंच. मातीचं जाड माळवद ऊन आत यायला इतका वेळ लावतं की तोवर संध्याकाळ होते. पाच इंची स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री अकरापर्यंत खाली ओकतो. वरच्या मजल्यावरून काम करणाऱ्यांनी एसीआधी स्लॅबवर पांढरा थर द्यावा. चुन्यात थोडं फेव्हिकॉल घालून दोन हात मारले तरी फरक पडतो, पण पावसाळ्यात धुपतं, दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला परत मारावं लागतं. आधी गच्ची झाडून-धुऊन कोरडी करा, धुळीवर मारलेला चुना पापड होऊन निघतो.

---

तिरकस तराजू

धागाकर्ते, ऑफिसचा एसी कुठं गेला? माणूस घरी बसला की तिकडचा एसी बंद झाला असं बरेच जण गृहीत धरतात. होत नाही. दहा जणांच्या हॉलमध्ये दोन-दोन टनांचे दोन एसी असतील तर सरासरी तीन किलोवॉट धरा, आठ तासांत २४ युनिट. दहातले चार घरी बसले तरी हे २४ जेमतेम २२ होतात. भिंती, काचा, छत यांतून येणारी उष्णता माणसं मोजत नाही.

सगळे एकाच दिवशी घरी बसले आणि ऑफिसला कुलूप लागलं तर २४ युनिट खरंच वाचतात. पण त्या दिवशी दहा घरांत दहा एसी, प्रत्येकी सहा युनिट, साठ झाले! एकाच छताखाली दहा जण गार बसणं दहा छतांखाली एकेकट्यानं गार बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

म्हणून उन्हाळ्यात ऑफिस, पावसाळ्यात-हिवाळ्यात घर, हा क्रम सोलापूरला बसतो. कंपन्या नेमकं उलटं करतात. मेमध्ये 'ऊन फार आहे, घरूनच करा'. माणुसकी म्हणून ठीक, चाळीसच्या वर पारा असताना दुपारी कुणाला स्कूटरवर पाठवू नये. फक्त ते पर्यावरणाच्या खात्यात लिहू नये.

---

विजापूर रोड

@तिरकस तराजू, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग दिवसाची वेळ बदलली तर? सकाळी सात ते दुपारी दोन ऑफिस?

---

तिरकस तराजू

चालतं. सातला निघालं तर स्कूटरवर उन्हाचा त्रास नाही. परतीचं दोनचं ऊन मात्र सर्वांत वाईट. सात ते बारा ऑफिसात आणि उरलेलं संध्याकाळी घरून केलं तर दोन्ही टळतं. दुपारी घरी झोपताना एसी लावला तर हिशोब परत पहिल्या पानावर.

---

हुतात्मा डी-३

तुम्ही सगळे सोलापुरातल्या सोलापुरात फिरताय. इथून घरून काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं ऑफिस हिंजवडी-खराडीला आहे, आणि खरा कार्बन त्या अडीचशे किलोमीटरमध्ये आहे.

पुण्यात राहून हिंजवडीला एका बाजूला १८ किमी, आठवड्याला १८० किमी. मोटरसायकल ५० देत असेल तर ८.३ किलो. कार त्या ट्रॅफिकमध्ये १२ देते, ३४.५ किलो.

तोच माणूस सोलापुरात राहून आठवड्यातून एकदा एकटा कारनं गेला: जाऊन-येऊन ५०० किमी, हायवेला १७ चं अ‍ॅव्हरेज, २९.४ लिटर, ६७.६ किलो. म्हणजे चार दिवस घरून काम करूनही पुण्यात रोज कार चालवणाऱ्याच्या जवळपास दुप्पट. मोटरसायकलवाल्याच्या आठपट. 'मी तर चार दिवस घरूनच असतो' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

कारमध्ये चौघं असतील तर माणशी १७. एसटीची डिझेल बस लिटरला साडेचार किमी देते असं धरून ३५ प्रवाशांत माणशी ८.४. विजेवरच्या रेल्वेला प्रवासी-किलोमीटरमागे १० ग्रॅमच्या आसपास पडतात, म्हणजे जाऊन-येऊन सव्वापाच किलो. दौंड-सोलापूर मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून इकडे डिझेल इंजिनाचा प्रश्नही राहिला नाही.

सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस सोलापूर सोडते, संध्याकाळी पुण्याहून परत निघते. पुणे स्टेशनाजवळ ऑफिस असणाऱ्याला एका दिवसात जमतं. हिंजवडीवाल्याला नाही, स्टेशनपासून पुढे जाण्यातच हाफ डे लागतो. त्यानं दोन दिवस जोडून घ्यावेत. मंगळवार आणि शुक्रवार असे सुटे दिवस लावणाऱ्या कंपन्या लोकांना दोन फेऱ्या मारायला लावतात. सलग दोन दिवस ठेवले तर एक फेरी. बॉसकडे मागायचीच असेल तर ही गोष्ट मागा, तिसरा दिवस घरून मिळण्यापेक्षा तिचा फायदा मोठा.

महिन्यातून एकदाच जाणाऱ्याचं गणित वेगळं. एकटा कारनं गेला तरी आठवड्याला पावणेसोळा किलो. पुण्यातल्या कारवाल्यापेक्षा कमी, मोटरसायकलवाल्यापेक्षा जास्तच.

---

विजापूर रोड

रेल्वेच्या बाबतीत एक शंका. गाडी तर मी नसलो तरी धावणारच. मग माझा कार्बन शून्य का नाही?

---

हुतात्मा डी-३

एका दिवसापुरता जवळपास शून्यच. तीच गोष्ट सिटी बसची. तुम्ही घरी बसलात म्हणून बस थांबत नाही, त्यामुळे बसनं जाणाऱ्यानं घरून काम केलं तर बचत दिसते पण होत नाही. उलट प्रवासी घटले की परिवहन फेऱ्या कमी करतं, फेऱ्या कमी झाल्या की उरलेले लोक स्कूटर घेतात. आपल्या सिटी बसची गत बघता हे समजावून सांगायची गरज नसावी.

---

तिरकस तराजू

परदेशी अभ्यासांचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात म्हणून दोन शब्द.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं जून २०२० मध्ये हिशोब मांडला होता. ज्यांना घरून काम जमू शकतं त्या जगभरच्या सगळ्यांनी आठवड्यातून एक दिवस तसं केलं तर रस्त्यावरच्या प्रवासी वाहतुकीचं वर्षाचं एक टक्का तेल वाचेल, आणि घरची वाढलेली वीज वजा जाता वर्षाला २४ दशलक्ष टन कार्बन डायऑक्साइड कमी होईल. त्याच टिपणात होतं की कारनं जाणाऱ्याचं एका बाजूचं अंतर साधारण सहा किमीपेक्षा जास्त असेल तरच फायदा, त्याखाली किंवा सार्वजनिक वाहनानं जाणाऱ्याचं उत्सर्जन वाढूही शकतं. ही सहा किमीची अट कारसाठी आहे. स्कूटर कारच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच पेट्रोल खाते, म्हणजे तिच्यासाठी अट तिप्पट धरा. सोलापुरात अठरा किमी म्हणजे गाव संपून पुढचं गाव लागतं.

दुसरा अभ्यास २०२३ चा, कॉर्नेल आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा. पूर्णवेळ घरून काम करणाऱ्याचं कामाशी निगडित उत्सर्जन ५४ टक्क्यांपर्यंत घटतं, आठवड्याला दोन ते चार दिवस केलं तर ११ ते २९ टक्के, एकच दिवस केलं तर फक्त २ टक्के. हे अमेरिकेचं आहे. तिथं माणूस एकटा मोठ्या गाडीत बसून लांब जातो आणि ऑफिसची इमारत वर्षभर गरम-गार करत बसतो. बचत दोन्हीकडून येते. आपल्याकडे पहिली बाजू स्कूटर आहे. ५४ चा आकडा उचलून अहवालात घालणाऱ्याला सोलापूरच्या मेमध्ये एक दिवस गच्चीखालच्या खोलीत बसवावं.

---

पूर्वभाग

चर्चा छान. पण घरून काम या शहराला काही नवीन नाही. बिड्या वळणाऱ्या हजारो बायका पिढ्यान् पिढ्या घरूनच काम करतात. पानं-तंबाखू आणायला आणि वळलेली बिडी द्यायला कारखान्यात मात्र जावंच लागतं. काम घरी आलं, प्रवास उरलाच. तुमच्या 'हायब्रीड'चं जुनं रूप समजा.

आणि यंत्रमागावरचा कामगार टॉवेल घरून विणू शकत नाही. एकेकाळी पूर्व भागात घरातच माग असायचे, आता शेड अक्कलकोट रोडला आणि माणूस राहायला भलतीकडे. कुंभारीच्या रे नगरमध्ये ३० हजार घरांची योजना आहे, त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली. घर मिळालं हे मोठंच, पण रोजचं अंतर वाढलं. तिथून ५० माणसं एका बसनं आली तर माणशी किलोमीटरला १३ ग्रॅम. तीच माणसं पन्नास मोटरसायकलींवर आली तर माणशी ४६. शहराचा प्रवासाचा कार्बन कमी करायचा असेल तर आधी तिकडे वेळेवर बस सोडा. लॅपटॉपवाल्यांचा हिशोब नंतर.

---

हुतात्मा डी-३

@पूर्वभाग, पूर्ण सहमत. बस मात्र शिफ्टच्या वेळेला जुळायला हवी. शिफ्ट सुटल्यावर चाळीस मिनिटांनी येणारी बस कितीही हिरवी असली तरी रिकामी जाते, आणि रिकामी बस स्कूटरपेक्षा वाईट. लिटरला चार किमी देणाऱ्या बसमध्ये १४ पेक्षा कमी माणसं असतील तर माणशी आकडा मोटरसायकलच्या वर जातो.

---

कडक भाकरी

आता पेट्रोलमधी २० टक्के इथेनॉल हाय. म्हंजी धूर २० टक्के कमी धरायचा का? आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांचंच हाय ते.

---

तिरकस तराजू

नाही. लिटरभर मिश्रणात ०.८ लिटर पेट्रोल, त्याचा १.८४ किलो. इथेनॉलचा धूर लिटरमागे दीड किलो असतो, पण तो उसानं हवेतूनच घेतलेला म्हणून वाहतुकीच्या खात्यात धरत नाहीत. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. ऊर्जेच्या हिशोबानं मिश्रण साडेसहा टक्क्यांनी हलकं, तेवढं अ‍ॅव्हरेज पडतं. किलोमीटरमागे बचत २० नाही, १४ टक्के. धागाकर्त्याच्या स्कूटरचे ०.६१ चे ०.५२ होतील, म्हणजे घरून काम केल्याची बचत आणखी घटली.

त्यातून उसाला घातलेला युरिया आणि त्यातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड वजा करायचा, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. उजनीचं पाणी वेगळंच. तो धागा दुसरा काढा, इथं सुरू झालं तर शंभर प्रतिसाद होतील.

---

नायट्रोजन सिलिंडर

एसीची वीज सगळे मोजताय, एसीतला गॅस कुणी मोजला नाही.

आर-३२ चा एक किलो हवेत गेला की ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. आर-४१०ए चा २०८८. जुन्या एसीतल्या आर-२२ चा १८१०. दीड टनाच्या आर-३२ एसीत ९०० ग्रॅमच्या आसपास गॅस असतो. सगळा गळला तर ६०८ किलो. वरच्या स्कूटरचे हजार दिवस! चार वर्षं घरून काम करून जमवलेलं पाइपजोडाच्या एका सैल फ्लेअर नटातून जातं.

गॅस 'संपत' नाही. बंद सर्किट आहे, कमी झाला म्हणजे गळला. दर उन्हाळ्यात 'टॉप-अप' करून घेणारे दरवर्षी तेवढा गॅस हवेत सोडतात. मेकॅनिककडून करून घ्यायचं ते असं: आधी साबणाच्या पाण्यानं इनडोअर-आउटडोअरचे चारही जोड तपासायचे. सापडलं नाही तर नायट्रोजन भरून दाब धरतो का ते अर्धा तास बघायचं. गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम पंप किमान वीस मिनिटं. मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून नेमप्लेटवर लिहिलेत तितकेच ग्रॅम भरायचे. नुसत्या गेजवर अंदाजानं भरलेला गॅस जास्त झाला तर वीजही जास्त खातो.

घर बदलताना एसी काढायचा तर पंप-डाउन करून घ्या. एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, आउटडोअरचा बारीक पाइपचा व्हॉल्व्ह अ‍ॅलन-कीनं बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा बंद करून लगेच स्विच ऑफ. सगळा गॅस आउटडोअरमध्ये राहतो. घाईत नट सैल करून फुस्स करणाऱ्याला थांबवा.

आणि आउटडोअरची जाळी. आपल्याकडच्या धुळीनं महिनाभरात बुजते. आतला फिल्टर दर पंधरा दिवसांनी, बाहेरची जाळी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, पाण्याच्या हलक्या धारेनं. प्रेशर पंप लावलात तर पत्रे दुमडतात.

---

विजापूर रोड

@नायट्रोजन सिलिंडर, असा प्रतिसाद दोन वर्षांतून एकदा येतो. सेटिंग किती ठेवावं?

---

नायट्रोजन सिलिंडर

२६, सोबत पंखा. एक अंश वर नेलं की ढोबळ सहा टक्के वीज वाचते. १८ वर लावल्यानं खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबत नाही. पश्चिमेच्या भिंतीची खोली कामासाठी घेऊ नका, दुपारी तीननंतर २६ सुद्धा गाठत नाही.

---

उन्हाचं बिल

छतावर सोलर असेल तर हा सगळा हिशोब बाद, असं लिहिणार होतो. मग वाटलं, तेवढं सोपं नाही.

तीन किलोवॉटचा प्लांट, तीनशे चौरस फूट गच्ची, दिवसाला सरासरी बारा युनिट. पीएम सूर्यघरमध्ये ७८ हजारांचं अनुदान. दुपारचा एसी त्यावर आरामात चालतो आणि बिल येत नाही. पण नेट मीटर आहे. तुम्ही ऑफिसला गेला असता तर ते सहा युनिट महावितरणच्या तारेत गेले असते, शेजारच्या गल्लीत वापरले गेले असते, तेवढा कोळसा कुठंतरी कमी जळला असता. सोलरचं श्रेय सोलरला. एसीचा भार एसीवरच राहतो.

उत्पादनाबद्दल: मेमध्ये ऊन जास्त म्हणून वीज जास्त असं होत नाही. पॅनलचा पत्रा ६५ अंशांवर जातो आणि २५ च्या वर दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के घट, म्हणजे चौदा-सोळा टक्के दुपारीच गेले. धूळ पंधरा दिवसांनी धुवा, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. बोअरचं पाणी असेल तर वायपरनं लगेच ओढून घ्या, नाहीतर क्षारांचे डाग पडतात आणि ते धुळीपेक्षा वाईट.

---

झिरो बल्ब

इन्व्हर्टर-बॅटरीचं एक वाक्य: लेड-अ‍ॅसिड बॅटरीत भरलेल्या तीन युनिटांतलं जेमतेम दोन परत मिळतं. वीज गेल्यावर लॅपटॉप आणि पंखा एवढंच त्यावर.

अंदाजावर विश्वास नसेल त्यांनी स्वतःचा मीटर बघा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी 'इम्प' असा आकडा (एका युनिटमागे किती लुकलुक) छापलेला असतो, बहुधा ३२०० किंवा १६००. एसी बंद ठेवून एक मिनिट लुकलुक मोजा, मग एसी लावून अर्ध्या तासानं परत मोजा. फरकाला ६० नं गुणा, छापील आकड्यानं भागा, किलोवॉट मिळतात. ४८ चा फरक आणि ३२०० चा मीटर म्हणजे ०.९. मधेच फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तर मोजणी बाद, म्हणून दोन-तीनदा घ्या. पहिल्या दहा मिनिटांतलं धरू नका, इन्व्हर्टर एसी तेव्हा पूर्ण ताकदीनं धावतो.

---

हुतात्मा डी-३

ज्यांच्या कंपनीत एचआरनं प्रवासाचा फॉर्म पाठवलाय त्यांच्यासाठी. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल द्यावा लागतो. कर्मचाऱ्यांचा प्रवास 'स्कोप ३' मध्ये (कंपनीच्या थेट ताब्याबाहेरचं उत्सर्जन), जागतिक पद्धतीप्रमाणे सातव्या प्रकारात येतो. तो भरणं ऐच्छिक आहे, म्हणून फॉर्म बहुधा घाईत केलेला असतो.

'सरासरी किती किमी प्रवास करता' असं विचारलं की लोक काहीही लिहितात. त्याऐवजी गेल्या आठवड्याचा वारवार तक्ता मागा: वाहन, इंधन, एका बाजूचं अंतर, सोबत किती जण. घरच्या दिवसांना एसी किती तास. गावी जाऊन काम केलं असेल तर त्या प्रवासाचा वेगळा रकाना, नाहीतर सोलापूर-पुणे फेऱ्या सगळ्या अहवालातून गायब होतात. कंपनीच्या मालकीच्या बसचं डिझेल स्कोप १ मध्ये (कंपनीचं स्वतःचं थेट उत्सर्जन) जातं, तेच इथं परत मोजू नका. आणि ४० टक्के लोकांनी फॉर्म भरला तर उरलेल्यांचा शून्य धरायचा नाही, विभागवार प्रमाणात वाढवायचा.

---

कडक भाकरी

एक राहिलं. हापिसातनं येताना भाजी, पोराची शाळा, औषधं सगळं एका फेरीत व्हायचं. घरी बसलं की चार वेळा गाडी काढायलेत लोक.

---

तिरकस तराजू

मोलाचा मुद्दा. तीन किमीच्या तीन फेऱ्या म्हणजे नऊ, वाचवलेल्या बारापैकी. शिवाय थंड इंजिनाला पहिले दोन-तीन किमी अ‍ॅव्हरेज मिळतच नाही, त्यामुळे ते नऊ बारासारखेच पडतात. गाडी घरी उभी आहे म्हणून घरातलं दुसरं कुणी नेतं, तेही याच खात्यात.

---

कडक भाकरी

आन विजेची स्कूटर?

---

झिरो बल्ब

बारा किमीला चार्जिंगची गळती धरून ०.४ युनिट, ०.३४ किलो. पेट्रोलच्या निम्म्याला थोडं वर. तिच्या बाबतीत एसी पंचवीस मिनिटं चालला की दिवसाची बचत संपली.

---

विजापूर रोड

मूळ धाग्यातले एसीचे आकडे आज रात्री ०.८५ नं बदलतो. ४.३ च्या जागी ५.१, २८१ च्या जागी ३३२. कारवाल्याची वर्षाची बचत १९२ वरून १४१ वर येते आणि स्कूटरवाल्याचा तोटा १३५ वरून १८६. पेट्रोलची रिफायनरीची भर @तिरकस तराजू यांच्या म्हणण्याप्रमाणे वेगळ्या ओळीत देतो. कूलरवाल्यांची ओळही घालतो, पण पाण्याचा रकाना लिटरमध्ये ठेवू की टँकरच्या रुपयांत?

---

कडक भाकरी

लिटरमधी ठेवा. टँकरचा भाव मेमधी रोज बदलतो.